इंजिनावरचा चिकटा

जुन्या गाडीचं बॉनेट उचललं की आधी इंजिन दिसत नाही, चिकटा दिसतो. काळा, जाड, बोट लावलं तर बोटालाच धरून बसणारा. गाडी वीस-पंचवीस वर्षांची असेल आणि चार हातांतून फिरलेली असेल, तर त्या थराखाली नटबोल्ट कुठे आहेत तेही चटकन सापडत नाही. अशा वेळी मालक दोहोंपैकी एक गोष्ट करतो. ‘जुनी गाडी आहे, चालायचंच,’ म्हणून बॉनेट खाली घालतो. नाहीतर गाडी गॅरेजात नेतो आणि सांगतो, ‘इंजिन एकदम चकाचक करून टाका.’ दोन्हींत त्याचं नुकसान आहे, आणि दुसऱ्या प्रकारात आणखी एकाचं आहे. ते कसं, हे आज पाहू.

आधी हा चिकटा म्हणजे काय ते समजून घेऊ. आपण त्याला सरसकट ग्रीस म्हणतो. पण डब्यातलं ग्रीस वेगळं. ते कारखान्यात मुद्दाम तयार करतात. तेल लिथियम किंवा कॅल्शियमच्या साबणात घट्ट बसवलं की ग्रीस होतं. इंजिनाच्या अंगावरचा थर कुणी मुद्दाम केलेला नसतो. आतून झिरपलेलं तेल, रस्त्यावरची धूळ आणि इंजिनाची उष्णता, या तिघांनी मिळून तो वर्षानुवर्षं शिजवलेला असतो. तेल बाहेर येतं आणि पातळ पसरतं. त्यावर धूळ बसते. धूळ तेल पिते, तेल धुळीला सोडत नाही. गाडी चालली की इंजिन ऐंशी-नव्वद अंशांपर्यंत तापतं. त्या तापात तेलातला हलका भाग उडून जातो आणि उरलेला हवेतल्या प्राणवायूच्या संगतीनं डांबरासारखा घट्ट होत जातो. कढईच्या बाहेरच्या अंगाला तेलाचे ओघळ करपून काळा थर बसतो ना, दिसायला तसंच. स्वभाव मात्र वेगळा. ते पुढे येईलच.

उदाहरणाला आपल्या सगळ्यांच्या ओळखीची गाडी घेऊ, प्रीमियर पद्मिनी. मूळची फियाट ११००, तयार व्हायची मुंबईत कुर्ल्याला. मुंबईच्या रस्त्यावरची शेवटची काळीपिवळी पद्मिनी टॅक्सी २००३ मध्ये नोंदवलेली होती; वीस वर्षांची मुदत भरल्यावर २०२३ च्या ऑक्टोबरअखेर ती उतरली. पण वडिलांची आठवण म्हणून, हौस म्हणून जपलेल्या पद्मिनी अजूनही गावोगावच्या अंगणांत उभ्या आहेत. तिचं इंजिन १०८९ सीसीचं, चार सिलिंडरचं, पेट्रोलवर चालणारं. ब्लॉक बिडाचा आणि वरचं हेड अॅल्युमिनियमचं. हे दोन धातू लक्षात ठेवा, पुढे कामाला येतील.

या इंजिनातून तेल बाहेर येण्याच्या वाटा ठरलेल्या आहेत. सगळ्यात वर पत्र्याचं झाकण असतं, गॅरेजात त्याला टॅपेट कव्हर म्हणतात. त्याच्याखाली बुचाच्या लाकडाचं, म्हणजे कॉर्कचं पॅकिंग असतं. ते वर्षानुवर्षं तापून कडक झालं, भेगाळलं, की कडेनं तेल सुटतं. सगळ्यात खाली तेलाचं चेंबर, त्याच्या पॅकिंगचीही तीच गत. क्रँकच्या दोन्ही टोकांशी, जिथे फिरता भाग बाहेर येतो, तिथेही वयोमानानं पाझर सुरू होतो. शिवाय पिस्टनच्या रिंगा झिजल्या की जळालेला वायू खाली चेंबरमध्ये घुसतो, आत दाब वाढवतो आणि ब्रीदरच्या नळीतून तेलाचा धूर बाहेर ढकलतो. म्हणजे वरचा चिकटा हा इंजिनानं स्वतः दिलेला जबाब असतो. तो नोंदवून न घेता पुसून टाकला, तर पुरावाच गेला.

म्हणून पहिली गोष्ट ही, की मळ धुण्याआधी वाचावा. गाडी सपाटीवर उभी करा, उजेड घ्या, मोबाइलवर चारी बाजूंनी फोटो काढून ठेवा. तेल वरून खाली ओघळतं आणि पुढच्या पंख्याचा वारा त्याला मागे ढकलतो. त्यामुळे जिथे सगळ्यात जास्त काळं दिसतं, तिथे गळती असतेच असं नाही. सगळ्यात वरची आणि सगळ्यात पुढची ओली जागा शोधा, उगम बहुतेक तिथे असतो. थर कोरडा आणि धुळकट असेल तर गळती जुनी किंवा अगदी मंद. चकचकीत, ओला असेल तर ताजी. रेडिएटरच्या नळीच्या सांध्याशी पांढुरके किंवा गंजके ओघळ दिसले तर ते पाण्याचे. आणि एक गोष्ट नीट ऐका. सगळीकडे काळं असताना पेट्रोल पंपाखाली किंवा कार्बोरेटरखाली एकच पट्टा स्वच्छ धुतल्यासारखा दिसला, तर आनंद मानू नका. तिथे पेट्रोल गळतंय. पेट्रोलनं चिकटा विरघळवला म्हणून जागा स्वच्छ झाली. अशी गाडी आधी दुरुस्तीला न्यायची, धुण्याचं नंतर बघायचं.

आता या मळाचा स्वभाव. आपल्या आया-आज्या तेलकट भांडी चुलीतल्या राखेनं घासायच्या. राखेत क्षार असतो. खाण्याचं तेल किंवा तूप क्षाराला भेटलं की त्यातल्या थोड्या भागाचा साबण होतो आणि मग तो आपल्यासोबत उरलेला तेलकटपणाही घेऊन जातो. पण इंजिन ऑइल शेंगदाण्यातून आलेलं नाही, ते जमिनीखालच्या खनिज तेलातून आलेलं आहे. त्याची घडणच निराळी. क्षाराशी त्याचा साबण होत नाही. म्हणून कपडे धुण्याचा सोडा आणि पाणी घेऊन तासभर घासत बसलात तरी जाड थर जागचा हलत नाही. खनिज तेलाला खनिज तेलच विरघळवतं. रॉकेल किंवा डिझेल त्या थरात शिरतं आणि त्याला पातळ करतं. मग साबणाचं काम सुरू होतं. साबणाच्या कणाचं एक टोक तेलाला धरतं, दुसरं पाण्याला. तेलाचे बारीक थेंब करून तो ते पाण्याबरोबर चालते करतो. रिठ्याचा फेस हेच करतो, बाजारात मिळणारा पाण्यात मिसळायचा डीग्रीजरही हेच करतो. आधी विरघळवणं आणि मग वाहून नेणं, हा क्रम चुकला की नुसती मेहनत होते.

इथे कॉस्टिक सोड्याविषयी सांगायला हवं. इंजिन पूर्ण खोललेलं असताना बिडाचा रिकामा ब्लॉक कॉस्टिकच्या गरम पाण्यात उकळून काढतात, ते ठीक. बिडाला त्यानं काही होत नाही. पण तेच पाणी अॅल्युमिनियमच्या हेडवर पडलं तर कॉस्टिक तो धातू खातो, वर फसफसून हायड्रोजन वायू सोडतो. हेडची बसकी, घासून सपाट केलेली बाजू त्यात खड्डेखड्डे होऊन जाते. कार्बोरेटरही अशाच हलक्या धातूंचा. त्यामुळे गाडीत बसवलेल्या इंजिनावर कॉस्टिक कधीही नको.

आणि पेट्रोल तर नकोच नको. चिकटा पेट्रोलनं झटकन निघतो हे खरं, म्हणून पुष्कळ ठिकाणी डब्यात पेट्रोल घेऊन ब्रश फिरवतात. पण पेट्रोल उणे चाळीस अंशांच्या आसपासच्या थंडीतही पेट घेण्याइतकी वाफ सोडतं. ती वाफ हवेपेक्षा जड असते, जमिनीवरून सरपटत जाते आणि दहा पावलांवरच्या बिडीला, वेल्डिंगच्या ठिणगीला, नाहीतर बॅटरीच्या तारेला जाऊन भेटते. रॉकेल त्या मानानं सोशिक. आपल्याकडच्या मानकाप्रमाणे रॉकेलची वाफ पेट घेण्याचं तापमान किमान ३५ अंश असायला हवं. आता विचार करा, मे महिन्यात सोलापुरात, नागपुरात सावलीतला पारा चाळिशी ओलांडतो. म्हणजे भर उन्हाळ्यात दुपारी रॉकेलही बेभरवशाचं. ज्याला हे काम करायचं आहे त्यानं ते सकाळी, उघड्या हवेत, पूर्ण थंड झालेल्या इंजिनावर करावं. शक्य असेल तर पाण्यात मिसळणारा डीग्रीजर वापरावा. वेळ जास्त लागतो, धोका कमी होतो.

आता प्रत्यक्ष कृती. सर्वांत आधी बॅटरीची बॉडीला जोडलेली अर्थची वायर काढायची. ती आधी काढली की नंतर पाना कुठे चुकून पत्र्याला टेकला तरी ठिणगी पडत नाही. मग डिस्ट्रिब्युटर, कॉइल, डायनामो आणि सेल्फ यांना प्लॅस्टिकच्या पिशव्या घालून रबर लावायचे. एअर फिल्टर काढायचा नाही. काढलेला असेल तर कार्बोरेटरचं तोंड बंद करायचं. तेलाचं झाकण आणि तेल मोजायची पट्टी घट्ट बसली आहे ना, ते पाहायचं. गाडीखाली पत्र्याचा मोठा ट्रे ठेवायचा, आजूबाजूला गोणपाटावर लाकडाचा भुसा पसरायचा.

यानंतर कोरडं खरवडणं. हा टप्पा कंटाळवाणा म्हणून सगळे टाळतात आणि खरी गंमत याच्यातच आहे. जेवढा थर कोरडा निघेल तेवढं पुढे रॉकेल, साबण, पाणी आणि घाण, सगळंच कमी लागतं. बांबूची पट्टी घ्या, टोक चपटं तासून घ्या. बिडावर पत्र्याची खरवडणी चालेल. अॅल्युमिनियमवर मात्र लाकूडच, कारण लोखंडाचा ओरखडा तिथे कायमचा राहतो. निघालेला चिकटा ट्रेमध्ये पडू द्या.

मग खालून वर असं ब्रशनं रॉकेल किंवा डीग्रीजर लावायचं. वरून खाली लावलं तर ओघळ खालच्या कोरड्या भागावर वाळतात आणि डाग धरतात. दहा-पंधरा मिनिटं मुरू द्यायचं, वाळू मात्र द्यायचं नाही. कोपऱ्यांत जुना दात घासायचा ब्रश कामाला येतो. सुटलेलं काळं वेस्टनं, म्हणजे त्या सुताच्या गुंत्यानं टिपून घ्यायचं. रेडिएटरचे पाइप, फॅनबेल्ट, इंजिनाखालचे रबरी फाउंडेशन यांना रॉकेलपासून जपायचं. रबर रॉकेल पितं, फुगतं आणि मऊ पडतं. चुकून लागलंच तर लगेच साबणाच्या पाण्यानं पुसायचं.

त्यानंतर साबणाचं पाणी, पुन्हा ब्रश, आणि शेवटी मगानं किंवा साध्या पाइपनं हलक्या हातानं पाणी. सर्व्हिसिंग सेंटरच्या जोरदार पंपाचा फवारा इंजिनावर मारून घेऊ नका. तो चिकटा काढतो तसाच पाणी सीलांच्या आत, वायरींच्या जोडांत, डिस्ट्रिब्युटरच्या टोपीखाली घुसवतो. मग गाडी धुऊन चकाचक होते आणि सुरूच होत नाही. हल्लीच्या गाड्यांत तर इंजिनाभोवती सेन्सर आणि कॉम्प्युटरच्या वायरींचं जाळं असतं. त्यांच्या बाबतीत कंपनीच्या पुस्तकात दिलेलं असेल तेवढंच करावं. तापलेल्या इंजिनावर गार पाणी तर कधीच नको. बीड अचानक आकसतं आणि तडकतं.

धुतल्यावर उन्हात वाळू द्या. हवेच्या पाइपनं खाचांतलं पाणी उडवा. डिस्ट्रिब्युटरची टोपी काढून आतून कोरड्या फडक्यानं पुसा. मग अर्थची वायर जोडा, इंजिन सुरू करा आणि पंधरा मिनिटं जागेवर चालू ठेवा. थोडा वास, थोडा धूर येईल. खाचांत उरलेलं तेल तापल्याचा तो असतो. तो थांबला पाहिजे.

पद्मिनीचं इंजिन पाण्यानं थंड होतं. त्यामुळे बाहेरचा चिकटा तिला फारसा तापवत नाही. तिचा धोका आग आणि झाकलेली गळती हा. बजाज चेतकसारख्या जुन्या स्कूटरचं तसं नाही. तिच्या इंजिनाला पाणी नसतं. पत्र्याच्या कवचाआड सिलिंडरला बारीक पाकळ्या असतात आणि पंख्याचा वारा त्यांच्यामधून फिरून उष्णता नेतो. त्या पाकळ्यांमध्ये चिकटा भरला की वाऱ्याची वाटच बंद. स्कूटर चढावर दम तोडते, पिस्टन जाम होण्याची वेळ येते. स्कूटरचं कवच काढून आतल्या पाकळ्या साफ करणं ही हौस नव्हे, गरज आहे.

इंजिनाच्या आतही चिकटा धरतो, तो वेगळा विषय. एवढंच सांगतो, की तेलात रॉकेल ओतून इंजिन चालवून आतून धुण्याची पद्धत जुन्या इंजिनाला महागात पडू शकते. रॉकेलनं तेल पातळ होतं, सुटलेले गोळे खालच्या जाळीत अडकतात आणि बेअरिंगला तेल मिळेनासं होतं. चेंबर उतरवून जाळी हातानं साफ करून घेणं केव्हाही बरं.

बाहेरून इंजिन स्वच्छ झालं म्हणजे काम संपलं का? खरं तर आता सुरू झालं. दोन-तीन दिवस गाडी चालवा आणि पुन्हा बॉनेट उघडा. स्वच्छ धातूवर तेलाचा ताजा थेंब लपत नाही. संशयाच्या जागी साधी टाल्कम पावडर भुरभुरा. जिथे ती ओली, काळी पडेल तिथे गळती. ते पॅकिंग बदला. कधी कधी धुतल्यावर गळती वाढलेली दिसते आणि लोक धुणाऱ्याला दोष देतात. भेगेवर बसलेला घट्ट थर बुचासारखा काम करत होता, तो निघाला इतकंच. मळानं बुजवलेली गळती ही दुरुस्ती नव्हे. अनुभवी मिस्त्री गिऱ्हाइकाला म्हणतो, ‘साहेब, तेल पुसलं, पण गळती कुठं पुसली?’ त्याचं ऐकावं.

उरला तो ट्रेमधला काळा लगदा. हा कुठे जातो? बहुतेक ठिकाणी गटारात. डासांची पैदास रोखायला डबक्यात तेल टाकतात, हे आपल्याला ठाऊक आहे. तेलाचा पातळ पापुद्रा पाण्यावर पसरतो आणि डासांच्या अळ्या गुदमरतात. गटारात ओतलेलं तेल पुढे ओढ्यात, नदीत तेच करतं. फक्त तिथे डासांच्या अळ्यांबरोबर बाकीचे जीवही असतात. २०१६ च्या घातक कचऱ्याच्या नियमांत वापरलेलं तेल आणि तेलकट कचरा यांची गणना घातक म्हणून केली आहे. वापरलेलं तेल पुन्हा शुद्ध करता येतं. १ एप्रिल २०२४ पासून ते गोळा करून शुद्ध होईल हे पाहण्याची जबाबदारी तेल तयार करणाऱ्या कंपन्यांवरही टाकली आहे. आपल्याला करायचं ते सोपं आहे. काढलेलं तेल झाकणाच्या डब्यात भरून, जुनं तेल घेणाऱ्या परवानाधारकाकडे ते देणाऱ्या गॅरेजात पोहोचवायचं. चिकटा, भुसा आणि वेस्ट पाण्यात न टाकता झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात, आगीपासून दूर ठेवायचं आणि त्याच गॅरेजात द्यायचं.

सुरुवातीला मी म्हणालो, की चकाचक करण्यात आणखी एकाचं नुकसान आहे. तो म्हणजे गॅरेजातला पोरगा. कायद्यानं चौदा वर्षांखालच्या मुलाला या कामाला लावता येत नाही. पण अठरा-वीस वर्षांचा शिकाऊ असला तरी कातडी कातडीच. उस्ताद त्याला पहिलं काम देतो ते धुण्याचं. तो उघड्या हातानं पेट्रोलच्या डब्यात ब्रश बुडवतो. पेट्रोल आणि रॉकेल हाताच्या कातडीतला स्निग्धपणा शोषून घेतात; कातडी कोरडी पडते, भेगाळते, खाजते. पेट्रोलमध्ये बेंझीन असतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं बेंझीन माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात ठेवलं आहे. ते श्वासातून शरीरात जातं आणि हातावाटेही जातं. संध्याकाळी हात धुताना तो पुन्हा रॉकेलच घेतो, कारण साबणानं काळं निघत नाही.

त्याला एक साधा उपाय सांगता येतो. तेल तेलाला ओळखतं हा नियम हातालाही लागू आहे. काम झाल्यावर आधी हाताला खोबरेल किंवा कुठलंही खाण्याचं तेल चोळायचं, थोडी साखर घेऊन खसखसून घासायचं, कोरड्या फडक्यानं पुसायचं आणि मग साबण लावायचा. काळं निघतं, कातडी राहते. आणि कामाच्या वेळी नायट्राइलचे हातमोजे. साधे रबरी मोजे रॉकेलनं फुगतात.

गाडी धुवायला देताना आपण किती वाजता मिळेल आणि किती पैसे होतील, एवढंच विचारतो. त्याबरोबर आणखी तीन प्रश्न विचारा. कशानं धुणार? निघालेलं तेल कुठे टाकणार? आणि धुणाऱ्याच्या हातात मोजे आहेत का? नसतील तर मिस्त्रीला सांगा, एक जोड आणून द्या आणि माझ्या बिलात लावा.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)